बुडालेला धबधबा आणि वर चढलेला आर्मादो

१३ ऑक्टोबर १९८२ रोजी पाराना नदीवरच्या इताइपू धरणाची दारं बंद झाली. ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवरचं हे धरण. पाऊस इतका होता की १९६ मीटर उंच भिंतीमागचा जलाशय अवघ्या चौदा दिवसांत भरला. पाणी शंभरेक मीटर चढलं. १३५० चौरस किलोमीटर जमीन त्याखाली गेली आणि हजारो शेतकरी कुटुंबं व तिथल्या मूळनिवासी आवा-ग्वारानी लोकांच्या वस्त्या विस्थापित झाल्या. जलाशयाच्या वरच्या टोकाला सेते केदास हा धबधबा होता. पाण्याच्या लोंढ्याचा विचार केला तर तो जगातल्या सर्वात मोठ्या धबधब्यांपैकी एक. तोही बुडाला.

ही गोष्ट बहुतेक वेळा विजेची म्हणून सांगितली जाते. ७०० मेगावॉटचे वीस संच, एकूण १४,००० मेगावॉट, दोन देशांचा करार वगैरे. कधी ती हरवलेल्या निसर्गसौंदर्याची म्हणूनही सांगतात. धबधबा बुडणार हे कळल्यावर तो शेवटचा पाहायला माणसांची रीघ लागली होती. जानेवारी १९८२ मध्ये त्याच गर्दीत एक झुलता पूल तुटला आणि ३२ जणांचा जीव गेला. इथे मात्र मी तीच गोष्ट एका माशाच्या अंगाने मांडतो आहे. त्या माशासाठी धबधबा हे काही सौंदर्य नव्हतं. ती त्याची वेस होती. ती बुडाली आणि हा मासा वर चढला. कुणी पिशवीत घालून नेला नाही, कुणी तळ्यात सोडला नाही. या प्रकरणात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

मासा कोणता

शास्त्रीय नाव टेरोडोरस ग्रॅन्युलोसस. दक्षिण अमेरिकेच्या गोड्या पाण्यात काटेरी मार्जारमीनांचं डोराडिडी नावाचं एक कुळ आहे, त्यातली टेरोडोरस ही छोटीशी प्रजाती. हिच्यात मानल्या गेलेल्या जाती दोनच. ओरिनोको खोऱ्यातली टेरोडोरस रिवासी ही एक, आणि दुसरी आपली ग्रॅन्युलोसस. ही दुसरी अॅमेझॉनमध्येही आढळते आणि पाराना-पॅराग्वेच्या खोऱ्यातही. १८२१ मध्ये व्हालांसिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. टेरोडोरस ही वेगळी प्रजाती मानली ती डच वैद्य आणि मत्स्यतज्ज्ञ ब्लीकर याने, १८६२ मध्ये.

ज्यांनी शिंगटा गळातून सोडवताना हात फाडून घेतला आहे त्यांना हा मासा समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. पाठीच्या पराचा पहिला काटा आणि छातीच्या परांचे दोन काटे, तिन्ही ताठ उभे राहतात आणि उभे राहिले की जागच्या जागी कुलूप लागल्यासारखे अडकतात. शिंगट्याचं हत्यार एवढ्यावर संपतं, याचं संपत नाही. याच्या दोन्ही कुशींवर हाडांच्या चकत्यांची एकेक रांग असते आणि प्रत्येक चकतीवर मागे वळलेला आकडा. अंगावर खवले नाहीत, डोकं हाडांच्या जाड कवचाचं, तोंडाशी मिशांच्या तीन जोड्या. लांबी सत्तर सेंटिमीटरपर्यंत आणि वजन सहा किलोच्या पुढेही जातं.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणारे कोळी त्याला ‘आर्मादो’ म्हणतात, म्हणजे हत्यारबंद. ब्राझीलमध्ये दुसरं नाव ‘आबोतोआदो’, म्हणजे बटणं लावलेला. कुशीवरच्या चकत्या बघितल्या की हे नाव पटतं. मला दुसरं नाव जास्त आवडतं, पण लेखभर आर्मादोच म्हणतो, उच्चारायला सोपं.

हे कुळ आवाजही करतं. छातीच्या पराचा काटा खोबणीत घासून करकर, आणि हवेच्या पिशवीला जोडलेल्या स्नायूंनी ढमढम. इंग्रजीत या कुळाला बोलके मार्जारमीन म्हणतात ते यामुळेच. इताइपू या ग्वारानी शब्दाचा अर्थ ‘नाद करणारा दगड’ असा सांगतात. नाद करणाऱ्या दगडावर धरण उभं राहिलं आणि त्याच्या मागच्या पाण्यात करकरणारा मासा वाढला. याला योगायोगापलीकडे काही अर्थ नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

एका नदीत दोन नद्या

नकाशावर पाराना ही एक नदी. ती ब्राझीलच्या पठारावरून येते, पुढे पॅराग्वे नदी तिला मिळते आणि अर्जेंटिनातून ती रिओ दे ला प्लाताच्या रुंद मुखाकडे जाते. माशांच्या दृष्टीने मात्र १९८२ पर्यंत या दोन नद्या होत्या. ब्राझीलमधलं ग्वाईरा आणि पॅराग्वेतलं साल्तो देल ग्वाईरा या दोन गावांच्या मध्ये पाराना एकदम अरुंद घळीत शिरायची. रुंदी शेकडो मीटरवरून पन्नास-साठ मीटरवर यायची आणि पाणी अठरा धबधब्यांतून खाली कोसळायचं. या अठरांचे सात गट पडत, म्हणून नाव सेते केदास, सात धबधबे. एकूण उतार ११४ मीटरचा, त्यातली सर्वात मोठी उडी चाळीस मीटरच्या आसपास.

या धबधब्यांच्या वरचा मत्स्यसमाज आणि खालचा मत्स्यसमाज वेगळा, असं मासे अभ्यासणाऱ्यांना दिसत होतं. अर्जेंटिनाचे अर्जेंटिनो बोनेत्तो (हो, नावच तसं आहे) यांच्या मांडणीत वरची पाराना हा माशांचा एक प्रांत, आणि खालची पाराना व पॅराग्वे मिळून दुसरा. दोन्हीकडे सारख्या असलेल्या जाती पुष्कळ होत्या. दोरादो, पिंतादो, कुरिंबा हे लांब पल्ल्याचे पोहणारे मासे वरही होते आणि खालीही. म्हणजे सेते केदास ही पूर्ण बंद भिंत नव्हती. ती चाळणी होती. भूतकाळात कधीतरी काही जाती पार झाल्या असतील, काही दोन्हीकडे आधीपासून असतील. पण बऱ्याच जाती चाळणीखाली राहिल्या आणि आर्मादो त्यांतलाच. तळाशी मिशांनी चाचपडत फिरणारा, कवचाचं ओझं बाळगणारा मासा. चाळीस मीटरच्या कड्यापुढे त्याचं काय चालणार?

हजारो वर्षांच्या या वेगळेपणातून वरच्या प्रांतात काही जाती फक्त तिथल्याच म्हणून घडल्या. सेते केदासला १९६१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला होता, पण तो देखाव्यासाठी. वेस म्हणून त्याचं मोल कुठल्या कागदावर नोंदलं गेलं नाही, आणि धरण भरण्याआधीच तो दर्जाही काढून घेण्यात आला.

भिंत खाली सरकली

धरणाविषयी आपली समजूत अशी असते की धरण नदी तोडतं. खालचे मासे खाली राहतात, वरचे वर. अंडी घालायला वर जाणाऱ्यांची वाट बंद होते. हे खरंच आहे. पण इताइपूने आणखी एक गोष्ट केली, ती क्वचितच घडते. त्याने नदी जोडली.

नीट समजण्यासाठी मधला पट्टा डोळ्यांपुढे आणा. सेते केदासपासून इताइपूच्या जागेपर्यंत सुमारे दीडशे किलोमीटरची खोल घळ होती. या घळीत खालच्या प्रांताचे मासे होते, धबधब्याच्या पायथ्यापर्यंत. आता खालच्या टोकाला सिमेंटची भिंत उभी राहिली आणि वरच्या टोकाची दगडाची भिंत बुडाली. घळीतले मासे धरणाच्या आत कोंडले गेले आणि त्याच क्षणी त्यांच्यापुढे वरची अख्खी नदी उघडी पडली. दोन प्रांतांमधली हद्द पुसली गेली नाही, ती दीडशे किलोमीटर खाली सरकली. आणि सरकताना खालच्या प्रांताचा एक तुकडा वरच्यात टाकून गेली.

लगेच पुढच्या वर्षी, १९८३ मध्ये, एल निन्योच्या पावसाने पारानाला प्रचंड पूर आला. नुकत्याच उघडलेल्या वाटेला असा पूर मिळणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. नदीकाठची तळी, कालवे, उपनद्या सगळं एक झालं.

या वेळी प्राण्यांची काळजी घेतली गेली नव्हती असं नाही. जलाशय भरताना ‘मिंबा क्वेरा’ नावाची मोहीम झाली. पाणी चढत असताना बोटीतून फिरून झाडांवर, टेकाडांवर अडकलेली माकडं, साप, मुंगीखाऊ असे छत्तीस हजारांहून जास्त प्राणी बाहेर काढले. फोटो निघाले, बातम्या झाल्या. पाण्याखाली नेमक्या त्याच दिवसांत जे चाललं होतं त्याला फोटो नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मासे संकटात नव्हतेच, त्यांना पाणी जास्त मिळत होतं. संकट कोणावर होतं हे कळायला वर्षं जावी लागली.

कसं कळलं

ब्राझीलमधल्या मारिंगा इथल्या राज्य विद्यापीठात नुपेलिया हे संशोधन केंद्र आहे. तळी-नद्या, मासे आणि मत्स्यपालन यांवर काम करणारं. १९८० च्या दशकापासून या केंद्राच्या लोकांनी इताइपू जलाशय आणि त्याच्या वरचा पूरपट्टा सातत्याने धुंडाळला. एकदा पाहणी करून अहवाल देऊन मोकळे झाले नाहीत. वर्षानुवर्षं त्याच जागी जाळी लावत राहिले. या कामाशी जोडलेलं सर्वात ठळक नाव आंजेलो आगोस्तिन्यो यांचं.

या प्रकारच्या कामातली अडचण वाचकाने लक्षात घ्यावी. ‘हा मासा आता आहे’ हे जाळं टाकून सिद्ध होतं. ‘हा मासा पूर्वी नव्हता’ हे सिद्ध करायला पूर्वी टाकलेली जाळी लागतात. जुन्या पाहण्या, संग्रहालयांतल्या बरण्या, कोळ्यांच्या आठवणी, सगळं चाळून एकेका जातीचा निवाडा करावा लागतो. काही जाती आधीपासून असून नुसत्या सापडल्या नसतील. काही धबधब्यामुळे नव्हे, तर मासे पाळणाऱ्यांनी सोडल्यामुळे आल्या असतील. हे सगळं वेगळं काढून झालेला एक मोठा हिशेब २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की धबधबा बुडाल्याने किमान ३३ जाती वर येऊन वसल्या. आर्मादो त्यांतली एक, आणि पकडीच्या दृष्टीने सर्वात ठसठशीत जातींपैकी.

‘किमान’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. सत्तावीस वर्षांनी, उत्तम नोंदी असलेल्या केंद्राला, ‘किमान’ म्हणावं लागलं.

जाळ्यातला बदल

धरणाआधी या भागातले कोळी मोठ्या, दमदार माशांवर जगत. सोनेरी दोरादो, ठिपक्यांचा पिंतादो, अजस्र जाऊ, पाकू. बाजारात मान असलेले मासे. जलाशय झाल्यावर हे मासे तिथल्या पकडीत मागे पडले. साचलेलं पाणी त्यांना मानवत नाही. त्यांच्या जागी वेगळीच मंडळी आली. कुरिंबा आधीचा होता, तो टिकला. मापारा हा पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा मार्जारमीन, तोही आर्मादोसारखा धबधब्याखालून आलेला. कुर्विना तर थेट ईशान्य ब्राझीलच्या पार्नाइबा खोऱ्यातून वरच्या जलाशयांत मुद्दाम आणून सोडलेला. आणि आर्मादो.

म्हणजे इताइपूच्या कोळ्याच्या होडीतल्या मुख्य माशांपैकी एक मूळचा, दोन धबधबा बुडाल्याने आलेले, एक माणसाने आणलेला. ग्राहक यांतला भेद विचारत नाही, वजन विचारतो.

आर्मादोला भाव कमी. कवच आणि डोकं काढून टाकलं की हातात येणारं मांस वजनाच्या मानाने थोडं. जाळ्यातून सोडवणं हे वेगळं दुखणं, कारण कुशीवरचा प्रत्येक आकडा जाळ्याचा एकेक डोळा धरून बसतो. तरी तो मुबलक मिळत होता, फासाच्या जाळ्यात आणि गळांच्या लांब दोरीवर दोन्हीकडे. ज्याचं घर मासेमारीवर चालतं त्याला मुबलक आणि स्वस्त हेही चालतं. कोळ्यांच्या दृष्टीने या प्रकरणाला ‘आक्रमण’ म्हणणं हा सुखवस्तू माणसाचा शब्द ठरतो. हे मी उपरोधाने म्हणत नाही. जुना मासा धरणाने नेला, नवा मासाही धरणानेच दिला, आणि कोळ्याला विचारलं दोन्ही वेळा नाही.

आता प्रश्न असा की ३३ जातींमधून आर्मादोच इतका का फोफावला. माझ्या मते याचं उत्तर त्याच्या पोटात आणि वरच्या नदीत मिळून आहे. आर्मादोला अंडी घालायला वाहतं पाणी लागतं, तो वर चढून जाणारा मासा आहे. पिल्लांची तो राखण करत नाही, अंडी पाण्यावर सोडून देतो. नुसता जलाशय मिळाला असता तर तो एका पिढीत संपला असता. पण इताइपू जलाशयाच्या वर पारानाचा सुमारे २३० किलोमीटरचा पट्टा अजून मोकळा वाहतो, त्याच्या पलीकडे पोर्तो प्रिमाव्हेरा धरण येतं. ब्राझीलच्या हद्दीत पारानाचा धरणाविना उरलेला हा अखेरचा मोठा पट्टा. बेटं, खाजणं, पावसाळ्यात पसरणारी तळी, सगळं त्यात आहे. म्हणजे खाली भरलेलं कोठार आणि वर चालता पाळणा. पाकू किंवा दोरादोलाही पाळणा तोच होता, पण जलाशय त्यांचं कोठार होऊ शकला नाही. आर्मादोला दोन्ही लाभले.

पोटातला पंचनामा

संशोधकांनी आर्मादोच्या पोटाचे पंचनामे अनेकदा केले आहेत आणि ते वाचायला मजा येते. हा मासा काय खात नाही हे शोधणं सोपं. पाणवनस्पती, शेवाळ, पानं, फळं, बिया, किडे, शिंपले. नदीत, उपनदीत, जलाशयात जिथे जे मिळेल ते. जिथल्या तिथल्या ताटावर बसणारा पाहुणा.

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. काठावरच्या झाडांची फळं पुराच्या पाण्यात पडतात, आर्मादो ती गिळतो आणि बिया त्याच्या आतड्यातून वाहून नेल्या जातात. पक्षी आणि वटवाघळं जंगलात जे काम करतात, तेच हा पाण्याखालून करतो, आणि तेही प्रवाहाच्या उलट दिशेने. बी नदीत पडलं तर एरवी खालीच जाणार. वर चढणाऱ्या माशाच्या पोटात गेलं तर वरच्या काठाला लागू शकतं. पारानाच्या काठची जंगलं विसाव्या शतकात शेतीसाठी प्रचंड तुटली. अशा ठिकाणी बिया नेणारा कुणी आला तर त्याला परका म्हणून हाकलायचं, की माळी म्हणून ठेवून घ्यायचं?

मग शिंपल्यांची भर पडली. आग्नेय आशियातला सोनेरी शिंपला, शास्त्रीय नाव लिम्नोपर्ना फॉर्च्युनी, १९९१ मध्ये रिओ दे ला प्लाताच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा सापडला. जहाजांच्या तळाशी तोल सांभाळायला भरलेल्या पाण्यातून तो आला असं मानलं जातं. चिवट तंतूंनी तो कशालाही चिकटतो आणि थरावर थर चढवतो. दहा वर्षांत, २००१ मध्ये, तो इताइपूत पोहोचला. पाणी घेणाऱ्या जाळ्या, नळ, थंड करणारी यंत्रणा, सगळीकडे त्याचे गुच्छ खरवडून काढणं हे वीज केंद्राचं कायमचं काम होऊन बसलं. आणखी एक आशियाई शिंपला, कॉर्बिक्युला, त्याच्याही आधी येऊन बसला होता.

आर्मादोने दोन्ही खायला सुरुवात केली. खालच्या खोऱ्यातल्या आर्मादोच्या पोटात सोनेरी शिंपला मिळाल्याचं २००० मध्ये छापून आलं. वरच्या पूरपट्ट्यातल्या आर्मादोच्या आहारातल्या परक्या शिंपल्यांवर २००८ मध्ये स्वतंत्र लेख आला. इथे प्रकरण गमतीदार होतं. धबधब्याच्या हिशेबाने आर्मादो परका. जगाच्या हिशेबाने तो याच नदीचा, शिंपला परका. परका परक्याला खातो आहे आणि मूळचे मासे बघत आहेत.

याचा अर्थ आर्मादोने शिंपल्याचा बंदोबस्त केला असा कुणी काढू नये. शिंपला तरीही पसरत गेला. उलट बाजूने असंही म्हणता येतं की शिंपल्याने आर्मादोला आणखी एक खात्रीचं खाणं दिलं. एका परक्यामुळे दुसऱ्याचे पाय घट्ट होतात, हा अनुभव जगात इतरत्रही आहे. मी आर्मादोच्या जमाखर्चात शिंपले खाणं जमेला धरत नाही आणि खर्चालाही नाही. ते पेन्सिलीने लिहून ठेवावं.

सोबत आलेले

तेहतीस जणांत सगळे आर्मादोसारखे पचणारे नव्हते. खालून आलेल्या सेरासाल्मस मार्जिनाटस या पिरान्याने वरच्या पिरान्याला मागे रेटलं. वरच्या पूरपट्ट्यात काही वर्षांत मूळची जात विरळ झाली आणि आलेली जात भरमसाट. दोघे इतके सारखे की अन्न, जागा, स्वभाव सगळ्यावर टक्कर. गोड्या पाण्यातले पाकट वर आले आणि उथळ वाळूत पाय टाकणाऱ्या माणसांना त्यांच्या शेपटीच्या विषारी काट्याची ओळख झाली. वरच्या नदीकाठच्या लोकांना हा अपघात पूर्वी ठाऊकच नव्हता.

आर्मादोच्या बाबतीत अशी थेट बळी पडलेली एखादी मूळची जात बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून तो निर्दोष ठरतो का? त्याचं खाणं इतकं पसरट आहे की टक्करही पसरते, दहा जणांना थोडीथोडी लागते. अशी टक्कर मोजणं सर्वात कठीण. आणि ज्या काळात तो वाढला त्याच काळात धरण, मासेमारी, जंगलतोड, कुर्विना हे सगळे घटकही काम करत होते. एकट्या आर्मादोच्या माथी किती मारायचं हे वेगळं काढणारं मोजमाप मी तरी मागणार नाही, कारण ते मिळणं शक्य वाटत नाही.

पुन्हा एक दार

डिसेंबर २००२ मध्ये इताइपूच्या बाजूने ‘पिरासेमा कालवा’ सुरू झाला. पिरासेमा म्हणजे माशांचं हंगामी वर चढणं, आपल्या कोकणातल्या आणि घाटातल्या चढणीच्या माशांसारखंच. दहा किलोमीटरचा, काही भाग नैसर्गिक ओढ्याचा आणि काही बांधलेला, धरणाखालचं पाणी आणि जलाशय यांना जोडणारा. सुमारे १२० मीटरची चढण मासे त्यातून पार करतात. हेतू भला होता. तुटलेली वाट जोडून द्यायची.

पण कुठली वाट? १९८२ पूर्वी मासे इताइपूच्या जागेवरून मोकळे जात, हे खरं. ते पुढे सेते केदासच्या पायथ्याशी थांबत, हेही खरं. आता तो पायथा नाही. म्हणून कालवा जेव्हा ‘जुनी वाट’ जोडतो तेव्हा तो प्रत्यक्षात अशी वाट तयार करतो जी पूर्वी कधीच नव्हती, म्हणजे खालच्या पारानापासून थेट वरच्या पारानापर्यंत. घळीत त्या वेळी नसलेल्या, म्हणून १९८२ च्या वाऱ्यावर न आलेल्या जातींनाही आता दार आहे. काही संशोधकांनी हा आक्षेप स्पष्ट घेतला. दुसरी बाजू म्हणते की पाकू आणि दोरादोसारख्यांना या वाटेची गरज आहे. दोन्ही बाजू बरोबर आहेत आणि दोघांना एकच कालवा वापरायचा आहे.

मला स्वतःला इथे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं जड वाटतं. वर चढलेला मासा वर राहून अंडी घालेल, आणि त्याची पिल्लं प्रवाहासोबत खाली येतील, हे गृहीत मोकळ्या नदीचं आहे. इथे पिल्लांसमोर १७० किलोमीटरचा संथ जलाशय आणि शेवटी भिंत आहे. वर जायला जिना बांधला आणि खाली यायला काहीच नाही, अशी ही रचना.

आणलेला आणि आलेला

आपल्याकडे परक्या माशांवर बोलताना गाडी नेहमी ‘कुणी आणला’ इथे थांबते. उजनीत चिलापी वाढला, तो आफ्रिकेतला, कुणीतरी सोडला. ठीक. पण त्याच उजनीत बीज सोडलेल्या कटला-रोहूला आपण देशी म्हणतो, मूळचे गंगेच्या खोऱ्यातले असले तरी. देशाची सीमा ओलांडली की परका, नाही तर आपला, असा आपला साधा हिशेब. भीमेतल्या माशाला पासपोर्ट कळत नाही. त्याला खोरं कळतं.

आर्मादोच्या प्रकरणाने खोऱ्याचा हिशेबही अपुरा ठरवला. हा मासा देशाच्या आतला, खोऱ्याच्या आतला, एकाच नावाच्या नदीतला. त्याला कुणी आणलं नाही, म्हणून आरोपी नाही. आरोपी नाही, म्हणून कायद्याचं कुठलंच कलम त्याला लागत नाही. परकी जात ‘सोडण्या’ला बंदी घालता येते. धबधबा बुडवणं हे जात सोडणं आहे असं कुठल्या तक्त्यात लिहिलेलं असतं? धरणाच्या परिणामांचा अहवाल करताना जमीन किती बुडाली, झाडं किती, माणसं किती, हे रकाने असतात. वेस किती बुडाली हा रकाना नसतो. सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर, कड्यांच्या वर आणि खाली, ओढ्याओढ्यात वेगळे मासे आहेत आणि नदीजोडाच्या गप्पा आपल्याकडेही जोरात चालतात. म्हणून हा रकाना मला नुसता पारानाचा वाटत नाही.

चूक उलटवता येईल का, असं अशा प्रकरणात विचारायचा प्रघात आहे. इथे उत्तर फार सरळ आहे. धबधबा बुडाल्यानंतर त्याचे माथे पाण्याखाली थोड्याच खोलीवर उरले होते आणि बोटींना धोका होता. म्हणून ते सुरुंगाने उडवण्यात आले. उद्या जलाशय रिकामा केला तरी सेते केदास परत येणार नाही.

ग्वाईरापाशी आता मोटारशर्यतपटू आयर्टन सेना यांच्या नावाचा, १९९८ मध्ये खुला झालेला साडेतीन किलोमीटरहून लांब पूल आहे. ट्रक सोयाबीन भरून त्यावरून जातात. खाली पाणी संथ, मातकट. तळाशी फुटलेल्या दगडांवरून मिशांनी चाचपडत, पावसाळा लागला की, आर्मादो वर जातात.